‘तुमची केस आमच्याकडची नाही’: मायटोकॉन्ड्रियाचा आजार आणि ओटीपोटाचं असह्य दुखणं

मागे पाळीतल्या दुखण्यावर लिहिलं होतं, त्यानंतर बरीच पत्रं आली. त्यातली तीन मी मुद्दाम बाजूला काढून ठेवली होती, कारण तिन्हींमध्ये दुखणारं ओटीपोट तर होतंच पण सोबत मायटोकॉन्ड्रियाचा, म्हणजे पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या भागाचा, आजारही होता, आणि तिन्ही घरांना दारोदार फिरूनही कोणी नीट बसवून सांगितलं नव्हतं. या वेळचं सगळं सदर त्यांच्यासाठी. पत्रं थोडी लहान केलीयेत, नावं काढलीयेत.

प्रश्न: डॉक्टर मॅडम नमस्कार. मी ३३ वर्षांची आहे, सांगली जिल्ह्यात राहते, शाळेत शिकवत होते पण दीड वर्ष झालं घरीच आहे. चार वर्षांपूर्वी मला मायटोकॉन्ड्रियाचा आजार निघाला, त्याच्या जनुकातला ३२४३ नंबरचा बदल म्हणतात तो. आईला डायबेटिस होता आणि ऐकूही कमी यायचं पण दोन्ही जोडून कोणी बघितलं नव्हतं, मग मला कानाला मशीन लागलं, जिना चढताना मांड्या भरून यायला लागल्या तेव्हा न्यूरोच्या डॉक्टरांनी लघवीची जनुकीय तपासणी करून पकडलं. तो आजार मी मनाने स्वीकारलाय, पण माझा रोजचा त्रास वेगळाच आहे. ओटीपोट दुखतं. आधी फक्त पाळीत दुखायचं, आता दोन वर्षं झाली रोजच, कोणीतरी आतून ओलं फडकं पिळतंय असं वाटतं, कळ माकडहाडापर्यंत जाते आणि मांडीच्या आतल्या बाजूने उतरते. स्कूटीवर बसवत नाही, नवऱ्याजवळ जायची भीती वाटते, संडासला चार चार दिवस होत नाही. सोनोग्राफी तीनदा झाली, तिन्ही नॉर्मल. एका गायनॅकनी दुर्बिणीतून बघू म्हणाले, तारीख पण दिली, पण भूलतज्ज्ञांनी फाइल बघितली आणि ही रिस्क मी घेणार नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्या डॉक्टर म्हणाल्या हे तुमच्या मायटोमुळेच आहे, सवय करून घ्या. न्यूरो म्हणतात ओटीपोट आमचा विषय नाही. तिसरीकडे पिशवी काढून टाका म्हणाले, मला मूल नाहीये अजून. मधे पाळीच्या गोळ्या दिल्या होत्या पण त्याने डोकं भयंकर दुखायचं आणि डोळ्यासमोर वाकड्यातिकड्या चमकणाऱ्या रेषा यायच्या म्हणून मीच बंद केल्या. सध्या मेफ्टल स्पास दिवसाला दोन तीन घेते. हे खरंच मायटोमुळे आहे का? मला भूल देता येणारच नाही का? आणि मी नक्की जाऊ कुणाकडे?

उत्तर: ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन घेतलं, कारण तुम्ही तुमच्या दुखण्याचं जे वर्णन केलंय त्यातच निम्मं निदान आहे आणि ते कोणी ऐकून घेतलेलं दिसत नाही.

आधी एक सरळ सांगते. ‘मायटोमुळे दुखतंय’ हे निदान नाही. डायबेटिस असलेल्या बाईच्या पोटात दुखलं तर डायबेटिसमुळे दुखतंय म्हणून तिला कोणी घरी पाठवत नाही, पोट तपासतात. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीतली ऊर्जा तयार करणारी जागा, तिची स्वतःची ३७ जनुकं असतात आणि ती आपल्याला फक्त आईकडून मिळतात. एकाच पेशीत चांगल्या प्रती आणि बिघडलेल्या प्रती मिसळलेल्या असतात, कुठल्या अवयवात बिघडलेल्या किती यावर त्रास ठरतो, म्हणून आईला साखर आणि कान, तुम्हाला कान आणि मांड्या. हा आजार आतड्यांची चाल मंद करतो, स्नायू लवकर थकवतो, आणि त्यातून ओटीपोट दुखू शकतं, हे खरंच आहे. पण तेव्हाही नेमकं आतडं दुखतंय का स्नायू का आणखी काही हे शोधायचंच असतं, कारण उपचार त्या जागेचा होतो.

आता तुमच्या वर्णनाकडे येते. पाळीत सुरू झालं आणि हळूहळू महिनाभर पसरलं, यावरून पहिला संशय एंडोमेट्रिओसिसचा, म्हणजे पिशवीच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर पिशवीबाहेर वाढतं त्या आजाराचा. तो साधारण दहातल्या एका बाईला असतो, आणि सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून तो नाहीच असं अजिबात म्हणता येत नाही, कारण पोटाच्या आतल्या अस्तरावरचे बारीक डाग सोनोग्राफीत दिसतच नाहीत. अंडाशयातली गाठ किंवा आतड्याला चिकटलेला खोल आजार असेल तर तो अनुभवी माणसाने योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत किंवा एमआरआयमध्ये दिसतो, तेव्हा तुमच्या तीन सोनोग्राफी पोटावरून झाल्या का आतून हे रिपोर्टवर बघा. आणि दुर्बिणीने बघितल्याशिवाय उपचार सुरूच करायचे नाहीत हा जुना हट्टही आता राहिलेला नाही, युरोपच्या मानवी प्रजनन आणि भ्रूणशास्त्र तज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट म्हटलंय की लक्षणांवरून संशय असेल तर औषध सुरू करता येतं. म्हणजे तुमच्यासाठी भूल ही पहिली पायरी नाहीच आहे.

पण माकडहाड, मांडीची आतली बाजू, स्कूटीवर बसवत नाही, नवऱ्याजवळ जाताना दुखतं, हे सगळं वाचून मला दुसरी जागा आठवते, ओटीपोटाचा तळ. तिथे झोळीसारखे स्नायू असतात, ते सतत आवळलेले राहिले की अगदी असंच दुखतं. आणि हे नेहमीच्या सोनोग्राफीत दिसत नाही, नेहमीच्या एमआरआयमध्ये दिसत नाही, दुर्बिणीतही दिसत नाही, हे बोटाला कळतं. नेहमीच्या तपासणीत आम्ही दोन बोटं घालून पिशवी आणि अंडाशय बघतो आणि संपवतो. ही तपासणी वेगळी असते, एकच बोट, भरपूर जेल, पेशंटला वेळ देऊन, आणि मग बाजूच्या भिंतीवरच्या स्नायूवर हलकासा दाब द्यायचा, पिकलेला टोमॅटो दाबून बघतो तेवढाच. अशीच एक पेशंट माझ्याकडे आली होती, बोट उजव्या बाजूला गेलं आणि ती एकदम टेबलावरून उठलीच, म्हणाली ‘हेच, मॅडम हेच’, आणि रडायला लागली, दुखलं म्हणून नाही, सहा वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी त्या जागेला हात लावला होता म्हणून. मला हे इथे मुद्दाम लिहायचंय की त्याआधी कितीतरी बायकांना मी स्वतः ही तपासणी न करता ‘सगळं नॉर्मल आहे’ म्हणून परत पाठवलंय, आम्हाला शिकताना यावर फारसं बोललं जात नव्हतं, पण त्यांचं दुखणं तर खरंच होतं ना. तुमच्या आजारात या स्नायूंचा विचार जास्तच करायला हवा असं माझं मत आहे, कारण स्नायू आवळायला जशी ऊर्जा लागते तशी तो सैल सोडायलाही लागते.

अजून एक सोपी तपासणी आहे. उताणं झोपायचं, जिथे जास्त दुखतं तिथे डॉक्टर बोट ठेवतात आणि तुम्ही उशीवरून डोकं आणि खांदे उचलायचे. दुखणं वाढलं तर ते पोटाच्या आत नसून पोटाच्या भिंतीत असायची शक्यता जास्त, बऱ्याचदा एखादी बारीक नस तिथे अडकलेली असते. दोन मिनिटांचं काम आहे, पैसे लागत नाहीत, फारच कमी ठिकाणी करतात. लघवीचंही बघा, लघवी साठली की दुखतं आणि होऊन गेली की बरं वाटतं असं असेल तर मूत्राशयाचा विचार करायला लागतो.

मेफ्टल स्पासबद्दल. ताई, त्यात दोन औषधं आहेत, मेफेनॅमिक ॲसिड आणि डायसायक्लोमाइन. दुसरं जे आहे ते आतड्याची हालचाल कमी करतं, मुरडा थांबावा म्हणूनच ते घातलेलं असतं. तुमचं आतडं आधीच मंद, त्यात चार दिवस संडास नाही, आणि त्यावर रोज दोन तीन वेळा हालचाल कमी करणारं औषध, म्हणजे गोळी घेतली की तासभर बरं आणि दुसऱ्या दिवशी पोट जास्त फुगलेलं, हे चक्र असणार तुमचं, आठवून बघा. पहिल्या औषधाचा प्रश्न किडनीचा, ३२४३ मध्ये काहींच्या किडनीवरही परिणाम होतो म्हणून क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन तपासल्याशिवाय रोज अशी पेनकिलर घेणं बरोबर नाही. शिवाय २०२३ च्या शेवटी भारताच्या औषधसंहिता आयोगाने मेफेनॅमिक ॲसिडबद्दल इशारा दिला होता, क्वचित पण गंभीर ॲलर्जी होते, अंगावर पुरळ, ताप, गाठी सुजणं, तसं काही झालं तर लगेच बंद करायची. रोजच्या दुखण्यासाठी साधी पॅरासिटामॉल, लिव्हरचे रिपोर्ट बरे असतील तर आणि ठरलेल्या डोसमध्येच, जास्त सुरक्षित आहे. ट्रॅमाडॉल कोणी दिली तर आधी विचारा, ती बद्धकोष्ठता वाढवते आणि फिट यायची प्रवृत्ती असेल तर तीही वाढवते.

पोट साफ होणं हा मी उपचारच मानते, साइड इफेक्ट म्हणून बाजूला टाकत नाही. इसबगोल सगळेच सुचवतात, पण आतड्याची चालच मंद असेल तर ते आत फुगून बसतं आणि त्रास वाढतो. त्यापेक्षा पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर पाण्यातून रोज, डोस डॉक्टरांकडून ठरवून, आणि पायाखाली छोटं स्टूल घेऊन बसा म्हणजे गुडघे वर येतात, जोर लावावा लागत नाही. मात्र पोट टम्म फुगलं, उलट्या होतायत, वाराही सरत नाहीये असं झालं तर घरी थांबायचं नाही. या आजारात आतडं कुठेही अडकलेलं नसताना अडकल्यासारखं वागू शकतं, तेव्हा तिथल्या सर्जनला मायटोचा आजार आहे हे पहिल्या वाक्यात सांगायचं, नाहीतर गरज नसताना पोट उघडलं जातं.

आता त्या बंद केलेल्या गोळ्या. तुम्ही अगदी बरोबर केलंत. डोळ्यासमोर चमकणाऱ्या रेषा येऊन डोकं दुखणं म्हणजे ऑरा असलेला मायग्रेन, आणि त्यात इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत चौथ्या गटात येतात, म्हणजे द्यायच्याच नाहीत, कारण पक्षाघाताचा धोका. ३२४३ मध्ये पक्षाघातासारखे झटके येऊ शकतात हे वेगळं सांगायला नको, त्यामुळे तुमच्या बाबतीत तर नाहीच. त्या रेषांबद्दल न्यूरोच्या डॉक्टरांनाही सांगा, त्यांना हे माहीत असायला हवं. पण म्हणून हार्मोनचा रस्ताच बंद झाला असं नाही. इस्ट्रोजेन नसलेली, फक्त प्रोजेस्टिनवाली औषधं असतात, डायनोजेस्ट २ मिलिग्रॅम रोज एक, एंडोमेट्रिओसिससाठी ती नेहमी वापरली जाते, सुरुवातीचे काही महिने थोडं थोडं डाग पडणं होतं आणि काहींचा मूड उतरतो तेवढं लक्ष ठेवायचं. किंवा पिशवीत बसवायची हार्मोनची कॉपर-टी सारखी वस्तू. नॉरएथिस्टेरॉन ही स्वस्त गोळी सगळीकडे लिहून देतात पण जास्त डोसमध्ये तिचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, म्हणून तुमच्यासाठी ती माझ्या यादीत मागे. नसांच्या दुखण्यासाठीची गॅबापेंटिनही बरेच जण देतात, पण २०२० मध्ये ब्रिटनमधल्या ३०६ बायकांवरची चाचणी प्रसिद्ध झाली, ज्यांच्या ओटीपोटात काही कारण सापडलं नव्हतं अशा बायका, त्यात ती खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही आणि गुंगी, चक्कर मात्र जास्त झाली. तुमच्या मांड्यांत आधीच ताकद कमी, चक्कर येऊन पडलात तर नवीन प्रश्न.

भूल देता येणारच नाही का? येते. मायटोच्या पेशंटना भूल दिली जाते, ऑपरेशनं होतात, बाळंतपणंही होतात. एक भूलतज्ज्ञ नाही म्हणाले याचा अर्थ त्या हॉस्पिटलमध्ये ती सोय किंवा तो अनुभव नव्हता, आणि खरं सांगायचं तर प्रामाणिकपणे नाही म्हटलं हे बरंच झालं, फक्त त्यांनी पुढचा पत्ता द्यायला हवा होता. तुमच्यासाठी मोठं हॉस्पिटल हवं, जिथे आयसीयू आहे. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नाही तर दोन तीन आठवडे आधी भूलतज्ज्ञांची भेट, ईसीजी, टू-डी इको, लॅक्टेट (ऊर्जा नीट तयार होत नसली की रक्तात वाढतं ते), साखर. सगळ्यात महत्त्वाचं, गरजेपेक्षा जास्त वेळ उपाशी ठेवायचं नाही. हलकं खाणं सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत, सकाळची पहिली केस तुमची, आणि उपाशी असताना ग्लुकोजचं सलाईन चालू, साखर बघत बघत. आरएल नावाचं सलाईन, म्हणजे लॅक्टेटवालं, ते या आजारात शक्यतो टाळतात. प्रोपोफॉल हे भुलीचं औषध झोपवण्यापुरतं एकदा दिलं तर सहसा चालतं पण तासन् तास त्याचं ड्रिप नको. थंडी वाजून कुडकुडायला देऊ नये, कारण कुडकुडण्यात ऊर्जा जळते. हे सगळं कुठल्याही चांगल्या भूलतज्ज्ञाला करता येण्यासारखं आहे, त्याला आधीपासून माहीत मात्र पाहिजे.

पिशवी काढण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे, आत्ता नाही. दुखणं नेमकं कुठून येतंय हे ठरलेलं नाही, तळाच्या स्नायूंतून येत असेल तर पिशवी गेली तरी दुखणं तिथेच राहणार, आणि तुम्हाला मूल हवंय. मूल झालं की दुखणं थांबेल असंही कोणी सांगत असेल तर त्या भरवशावर राहू नका. ३२४३ मध्ये गरोदरपणात साखर, ब्लडप्रेशर, दिवस भरायच्या आधी बाळंतपण हे धोके वाढतात आणि बाळाकडे किती बिघडलेल्या प्रती जातील हे आधी सांगता येत नाही, म्हणून तो निर्णय दुखण्यावरचा उपाय म्हणून घेऊ नका, जेनेटिक्सच्या डॉक्टरांशी बसून वेगळा घ्या.

कुणाकडे जायचं? सांगलीहून मुंबई लांब आहे हे मला माहितीये, त्यात तुम्हाला बसवत नाही. पण एकदा तरी मोठ्या ठिकाणी जा जिथे न्यूरो, गायनॅक आणि जेनेटिक्स एका आवारात आहेत. परळचं केईएम हॉस्पिटल हे २०२१ च्या दुर्मिळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणाखालचं केंद्र आहे, बेंगळुरूच्या निमहान्स या मेंदू आणि मज्जासंस्थेच्या हॉस्पिटलमध्ये मायटोचं काम बरीच वर्षं चालू आहे. जायच्या आधी घरी एक कागद करा. एकच कागद, पूर्ण फाइल नको, कारण शंभर पानांची फाइल ओपीडीत कोणी वाचत नाही. वर आजाराचं नाव आणि जनुकाचा नंबर, खाली कुठले अवयव बाधित, चालू औषधं, कुठली औषधं मानवली नाहीत आणि काय झालं, आणि शेवटी दुखण्याचं ते तुमचं वर्णन, ओलं फडकं पिळण्याचं, माकडहाडाचं, स्कूटीचं, जसंच्या तसं. न्यूरोच्या डॉक्टरांना त्यावर दोन ओळी लिहून सही करायला सांगा की ‘भूल आणि ऑपरेशनला माझ्याकडून हरकत नाही, या या काळज्या घ्याव्यात, शंका असल्यास मला फोन करावा’. आपल्याकडे दोन डॉक्टर एकमेकांशी आपणहून बोलत नाहीत, वेळच नसतो, पण समोर नंबर लिहिलेला असेल तर फोन लावतात, हा माझा अनुभव आहे.

प्रश्न: माझी मुलगी १९ वर्षांची आहे, नाशिकला कॉलेजला आहे. तिला लहानपणापासून मायटोचा आजार आहे, फिट्स येतात, औषधं चालू आहेत. पाळीत तिला इतकं दुखतं की बाथरूममध्ये चक्कर येऊन पडली दोनदा. सासूबाई म्हणतात लग्न झालं की थांबेल, आम्हालाही दुखायचंच. फिटच्या औषधांमुळे दुसरं औषध द्यायची मला भीती वाटते. कुठली औषधं अजिबात द्यायची नाहीत ते सांगा.

उत्तर: सासूबाईंना दुखायचं आणि त्यांनी सोसलं, याबद्दल मला वाईटच वाटतं, पण ते मुलीनेही सोसावं याला कारण नाही. चक्कर येऊन पडण्याइतकी पाळी १९ व्या वर्षी नॉर्मल नाही. एंडोमेट्रिओसिस मुलींनाही होतो आणि लक्षणं सुरू झाल्यापासून निदान व्हायला कितीतरी वर्षं जातात, त्यातली बरीचशी या ‘लग्न झालं की थांबेल’ मध्येच जातात.

औषधांची भीती मला समजते. पण मायटोच्या पेशंटच्या घरी एक लांबलचक मनाई यादी फिरत असते, कुठून तरी छापलेली, आणि त्या भीतीने साधी पॅरासिटामॉलसुद्धा दिली जात नाही. २०२० मध्ये या आजाराच्या जगभरातल्या तज्ज्ञांनी एकत्र बसून औषधांची यादी तपासली आणि बहुतेक नेहमीची औषधं देता येतात असंच त्यांचं मत पडलं. ज्याबद्दल खरोखर जागरूक राहायचं ते व्हॅल्प्रोएट, फिटसाठी ते सर्रास दिलं जातं आणि पोल्ग नावाच्या जनुकात दोष असेल तर लिव्हर निकामी होऊ शकतं, म्हणून तिच्या चालू गोळ्यांची नावं आज वाचून बघा. त्यात व्हॅल्प्रोएट असेल तर घाबरून एकदम बंद करू नका, एकदम बंद केल्याने फिट येते, न्यूरोच्या डॉक्टरांना फोन करा. जेंटामायसिन, अमिकासिन ही इंजेक्शनं कानाला त्रास देतात आणि काही मायटो दोषांमध्ये ऐकू येणं कायमचं जाऊ शकतं, ओटीपोटात इन्फेक्शन आहे म्हणून गायनॅककडे ती सहज दिली जातात, तेव्हा दुसरा पर्याय विचारा. लिनेझोलिड हे अँटिबायोटिक जास्त दिवस दिलं तर रक्तात लॅक्टेट वाढतं.

हार्मोनच्या गोळ्यांचं फिटच्या काही औषधांशी पटत नाही, कार्बामाझेपिन, फेनिटॉइन असली तर गोळीचा असर उतरतो, उलट इस्ट्रोजेनवाली गोळी लॅमोट्रिजिन या फिटच्या औषधाची रक्तातली पातळी खाली आणते आणि फिट वाढू शकते. म्हणून गायनॅककडे जाताना फिटच्या औषधांची पट्टी पर्समध्ये घेऊनच जा, ‘पांढरी गोल गोळी’ म्हणून सांगू नका. तिला आत तपासणी नको असेल तर कोणी जबरदस्ती करायची नाही, पोटावरून सोनोग्राफी, नीट विचारपूस, एवढ्यावर औषध सुरू होतं. आणि एक काम तुम्ही घरी करा, कॅलेंडरवर तीन महिने लिहा, पाळी कुठल्या तारखेला, दुखणं दहापैकी किती, फिट कधी आली. काही मुलींना फिट पाळीच्या आसपासच जास्त येतात, तसं निघालं तर पाळी थांबवणाऱ्या एकाच औषधाने दोन्हीला फायदा होऊ शकतो, आणि न्यूरोच्या डॉक्टरांना ते कॅलेंडर तुमच्या शंभर शब्दांपेक्षा उपयोगी पडेल.

प्रश्न: मॅडम, बायकोसाठी लिहितोय, थोडं संकोचूनच. तिला मायटोचा स्नायूंचा आजार आहे आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळलेले आहेत असं निदान झालंय. कोणीतरी केगल व्यायाम करायला सांगितले, ती बिचारी दिवसात शंभर शंभर वेळा करते पण दुखणं वाढलंच. आमचे संबंध वर्षभर बंद आहेत, त्याबद्दल तक्रार नाही पण तिला वाटतं मी दुरावतोय. अजून एक म्हणजे ती हरतालिका निर्जळी करते, ऐकत नाही.

उत्तर: दादा, तुम्ही लिहिलंत ते फार चांगलं केलंत.

केगल आजपासून बंद. केगल म्हणजे तळाचे स्नायू आवळणं, सैल पडलेल्या स्नायूंसाठी ते चांगलं आहे, शिंकताना लघवी होते अशा बायकांना आम्हीच सांगतो, पण वहिनींचे स्नायू आधीच आवळलेले आहेत आणि त्यात शंभर वेळा आवळायचं म्हणजे पायात गोळा आलेल्या माणसाला पळायला लावण्यासारखं झालं. त्यांना शिकायचंय सोडणं. पाठीवर झोपून गुडघे वर, पायाखाली उशी, पोटात श्वास घेताना खालचा भाग हलकेच पसरू द्यायचा, जोर नाही लावायचा, पाच मिनिटं, दिवसातून दोन तीनदा. पुढचं काम या विषयातल्या फिजिओथेरपिस्ट बाईंकडून, त्या आतून हाताने स्नायू मोकळे करतात, मोठ्या शहरात आता मिळतात. त्यांना मायटोचं आधी सांगा, नाहीतर त्या बाकीच्या पेशंटसारखा पाऊण तासाचा सेशन घेतील आणि वहिनी दोन दिवस उठणार नाहीत. पंधरा वीस मिनिटं पुरेत. गरम पाण्याच्या पिशवीचा शेक सुरक्षित आहे. कमरेला लावायचं टेन्स मशीन, म्हणजे हलका करंट देऊन दुखणं कमी करणारं, तेही चालतं, फक्त पेसमेकर असेल तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

संबंधांचं म्हणाल तर काही महिने प्रवेश करायचाच नाही असं दोघांनी मिळून ठरवून टाका आणि ते तोंडाने बोलून ठरवा. असं ठरलं की जवळ बसलं, मिठी मारली तरी ‘आता पुढे काय’ ही धास्ती जाते, आणि त्या धास्तीनेच ते स्नायू आवळतात. तुम्ही तक्रार नाही म्हणून गप्प राहता आणि त्यांना तुमचं गप्प राहणं दुरावा वाटतं, तर हे मला लिहिलेलं वाक्य त्यांनाच वाचून दाखवा.

हरतालिकेबद्दल मी धर्माचं काही सांगणार नाही, मी स्वतः उपास करते. पण निर्जळी नको म्हणजे नको. या आजारात शरीराला साठवणीतून ऊर्जा काढणं नीट जमत नाही, बारा पंधरा तास पोटात काही नसेल तर रक्तात आम्ल वाढू शकतं, स्नायू दुखतात, आणि काहींना हॉस्पिटल गाठावं लागतं. आजारी माणसाने दूध, फळं, पाणी घेऊन उपास केला तर आपल्याकडे कोणी तो मोडला म्हणत नाही, घरातल्या मोठ्या बाईकडून हे वहिनींना सांगायला लावा, तुमच्यापेक्षा त्यांचं ऐकतील. एरवीही दर तीन चार तासांनी काहीतरी खायचं आणि झोपताना दुधाबरोबर पोळीचा तुकडा, दोन खजूर असं काहीतरी, साखर असेल तर खजूर सोडून. उलट्या जुलाब होऊन काहीच पोटात टिकत नसेल तर संध्याकाळपर्यंत वाट न बघता ग्लुकोजचं सलाईन लावायला घेऊन जा. आणि फिजिओची वेळ सकाळची घ्या, संध्याकाळपर्यंत त्यांचं दिवसभराचं बळ संपलेलं असतं.